बाबांना हात लावू नकोस, आईला खिडकीत बसव

वाचकाचं पत्र

काका, आम्ही सांगलीवाडीचे. २०१९ च्या पुरात घरातले सगळे अल्बम गेले. बाबा २०११ मध्ये वारले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. आता त्यांचा एकच धड फोटो उरलाय. पतसंस्थेच्या जुन्या पासबुकावर चिकटवलेला पासपोर्ट फोटो, खाली कोपऱ्यात गोल शिक्का. दादाचं लग्न ठरलंय आणि हॉलमध्ये स्वतःचा नि बाबांचा एकत्र फोटो असावा अशी आईची इच्छा आहे. एका स्टुडिओत दीड हजार देऊन करून घेतला. त्यांनी बाबांचं डोकं कुणाच्यातरी निळ्या सुटावर बसवलं आणि आईच्या कपाळावर न विचारता ठसठशीत कुंकू काढलं. आईनं फोटो बघितला आणि कपाटात पालथा ठेवून दिला. म्हणून आता मीच शिकायला बसलेय. तीन आठवडे व्हिडिओ बघतेय, पण माझ्या फोटोत बाबा चिकटवल्यासारखे दिसतात. उजेड जुळावा म्हणून त्यांचा फोटो उलटा करून बघितला, तर आई म्हणाली, "हे ते नव्हेत." दादा म्हणतो, एआयला सांग, मिनिटात होईल. मामा म्हणतो, असला खोटा फोटो करूच नये. मी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि माझं चुकतंय कुठं? पासबुकाचं स्कॅन, आईचा फोटो आणि मी केलेला प्रयत्न, तिन्ही सोबत पाठवतेय.

उत्तर

तू काका म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही. तुझी तिन्ही चित्रं मोठी करून बघितली. सॉफ्टवेअरचं नंतर बोलू, कारण तुझी चूक सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. ती गच्चीवर झालीय. आईचा फोटो तू भर दुपारी गच्चीवर काढलास. तिच्या डोळ्यांखाली खड्डे पडल्यासारखी सावली आहे, हनुवटीखाली काळा पट्टा आहे. आणि तू फार जवळून काढलाय, हातभर अंतरावरून म्हटलं तरी चालेल, म्हणून नाक पुढं आलंय आणि कान मागं गेलेत. ही आई आणि तो पासबुकातला माणूस एका खोलीत कधी नव्हतेच, हे बघणाऱ्याला लगेच जाणवतं. का ते त्याला सांगता येत नाही, पण जाणवतं.

आता बाबांचा फोटो वाच. बघायचा नाही, वाचायचा. चारशे टक्के मोठा कर आणि डोळ्यांच्या बाहुलीत बघ. एक पांढरा ठिपका दिसेल, आपण बघताना डावीकडं, जरा वरच्या अंगाला. म्हणजे दिवा एकच होता, कॅमेऱ्याच्या डावीकडं, डोक्यापेक्षा हातभर उंच. मग नाकाची सावली बघ, ती उजवीकडं खाली उतरलीय. उजव्या गालाची कड डाव्यापेक्षा काळपट आहे, पण ठार काळी नाही. म्हणजे त्या बाजूनं भिंतीवरून थोडा उजेड परत येत होता. नाकपुड्या दिसत नाहीत, डोक्याचा टाळूकडचा भागही दिसत नाही, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला होता. कान नीट दिसतात, तेव्हा फोटोग्राफर पाच-सहा फुटांवर उभा होता. छत्रीचा फ्लॅश, मागं निळा पडदा, पुढं लाकडी स्टूल. आपल्याकडच्या कुठल्याही पासपोर्ट फोटोची खोली अशीच असायची. मी स्वतः अशा खोलीत बारा वर्षं काढलीत, "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणत.

हा फोटो आता बदलणार नाही. त्यातला उजेड, उंची, अंतर, सगळं कायमचं ठरून गेलंय. बदलू शकते ती फक्त आई, कारण ती समोर आहे. तू उलटं केलंस. आईचा फोटो जसा निघाला तसा धरलास आणि बाबांना त्याच्यात बसवायला गेलीस, वाकवलंस, शेवटी आरशातल्यासारखं उलटं केलंस.

उलटं करण्याबद्दल तुला रागावणार नाही, कारण मीही ते केलंय. नवीन असताना एका गृहस्थांचा फोटो उजेड जुळावा म्हणून फिरवला, छापला, फ्रेमसुद्धा केली. त्यांच्या मिसेस आल्या, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "यांचा भांग या बाजूला नव्हता." शर्टाचा खिसा उजवीकडं गेला होता, ओठाजवळचा तीळ पलीकडं गेला होता. मला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो आणि घरच्यांना तो एकाच बाजूनं पाठ असतो. पैसे परत दिले, वर फ्रेमचा भुर्दंडही बसला. तेव्हा तुझी आई म्हणाली ते बरोबर आहे. ते ते नव्हेत.

मग आईला परत बसव. गच्चीवर नाही, घरात, खिडकीशेजारी. ऊन थेट आत येत नसेल अशी वेळ निवड. कॅमेऱ्याकडून बघताना खिडकी डावीकडं आली पाहिजे. तिच्या दुसऱ्या बाजूला, दोन-अडीच फुटांवर, थर्माकोलचा शीट उभा कर, नसेल तर पांढरी चादर खुर्चीवर टाक. भिंतीवरून परत येणारा तो उजेड हाच. शीट जवळ सरकवलास की गालावरची सावली फिकी होते, लांब नेलास की गडद. बाबांचा फोटो शेजारी मोबाइलवर उघडा ठेव आणि दोन्ही गाल जुळेपर्यंत शीट सरकवत राहा. या सरकवण्यात तू जे शिकशील, ते संगणकावर महिनाभर बसून शिकणार नाहीस.

मोबाइल असेल तर दोनपट झूमवर ठेव आणि पाच-सहा फूट मागं जा. चेहऱ्याचा बांधा अंतरावर ठरतो, नाक पुढं येणं त्यानं आपोआप थांबतं. मोबाइल आईच्या डोळ्यांच्या उंचीला, स्टुलावर पुस्तकं रचून. पाठ धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद, चेहरा गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद. आईच्या मागं निळसर राखाडी चादर लाव. हे मुद्दाम सांगतोय. बाबांच्या मागं निळा पडदा आहे, त्यामुळं त्यांच्या केसांच्या कडेला निळी झाक आहे. तू ते केस कापून पिवळ्या फुलांच्या पार्श्वभूमीवर ठेवलेस, म्हणून डोक्याभोवती निळं कडं दिसतंय. केस एकेक करून कापणं हे भल्याभल्यांना जेरीला आणणारं काम आहे. त्यापेक्षा नवीन पार्श्वभूमी जुन्याच रंगाच्या जवळ ठेव. मग कडा अर्धवट सुटल्या तरी कुणाला दिसत नाही. आम्ही स्टुडिओवाले याला कारागिरी म्हणायचो, खरं तर आळस होता.

आता दादाला कामाला लाव. एआय मिनिटात करेल म्हणतोय ना, त्याला म्हणावं तूही मिनिटभर उभा राहा. बाबा जिथं असणार तिथं त्याला बसव, आईच्या शेजारी, खांदा तिच्या खांद्याच्या जरासा मागं. दोघांचे दहा फोटो काढ. मग दादाला उठव आणि आईला न हलवता तिचे दहा काढ. पहिल्या दहांमध्ये तुला उत्तर मिळतं. दोन डोक्यांमध्ये अंतर किती, पुरुषाचं डोकं आईच्या डोक्यापेक्षा किती वर, त्याच्या अंगाची सावली आईच्या पदरावर कुठं पडते, आईच्या खांद्यामागं त्याचा शर्ट किती काळपट होतो. हे सगळं तुझ्यासमोर खरं घडलेलं असेल, कल्पनेनं काढावं लागणार नाही.

आईला बाबांच्या कुठल्या बाजूला बसवायचं, हाही प्रश्न आपोआप सुटतो. शिक्का बाबांच्या डाव्या खांद्यावर आहे. पत्नी वामांगी, ती डावीकडंच बसते. म्हणजे आईचा खांदा नेमका शिक्क्यावर येईल आणि तो पुसत बसायची गरजच राहणार नाही. जिथं माहिती नाही तिथं काहीतरी पुढं आणून ठेवावं. शिक्क्याची शाई पुसून त्याखालचा शर्ट नव्यानं रंगवणाऱ्याला चार तास लागतील आणि तरी डाग पडल्यासारखं दिसेल.

सूट मात्र नको. बाबांनी आयुष्यात सूट घातला होता का? पासबुकात जो पांढरा शर्ट आहे तोच ठेव. फोटोत तो छातीपर्यंतच आहे, खालचा भाग कमी पडला तर दादाचा घे. दादानं त्या दिवशी तसाच पांढरा शर्ट घालावा, घरात बाबांचा एखादा उरला असेल तर तोच. पण सांधा कायम शर्टाच्या कापडावर कर, कॉलरच्या खाली. गळ्यावर कधीच नाही. गळ्याची कातडी, तिथल्या शिरा, गळ्याची जाडी, कुणाच्याही दुसऱ्याच्या जुळत नाहीत. त्या स्टुडिओनं गळ्यावर कापलंय, म्हणून डोकं बरणीच्या झाकणासारखं दिसतंय.

स्कॅनिंगचं थोडक्यात. फोटो पासबुकावरून सोडवायचा नाही, पासबुकच उघडून काचेवर पालथं ठेवायचं. फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, त्यात चेहरा साधारण तीन सेंटिमीटर. १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, त्याचे चौदाशेच्या आसपास ठिपके मिळतात आणि आठ बाय बारा इंचाच्या छपाईला अडीच इंचाच्या चेहऱ्याला साडेसातशे पुरतात. त्याहून वर जाऊन फायदा नाही, कागदाचे धागे तेवढे दिसायला लागतील. झेरॉक्सवाल्याला टिफ फाइल माग, पीडीएफ नको. तू मला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंस ते तिथंच अर्धं मेलं. पाठवायचंच झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि पुरातला एखादा फोटो काचेला चिकटलेला अजून घरात असेल, तर तो ओढू नकोस, काचेसकट स्कॅन कर. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. नंतर महिनाभर लोक माझ्याकडं काचांसकट फ्रेमा घेऊन येत होते. ज्यांनी घरी काच उचकटली होती, त्यांचे चेहरे काचेवर राहिले आणि हातात कोरा कागद आला.

आता सॉफ्टवेअर. गिंप फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फोटोशॉपला भाडं भरावं लागतं. तुझ्या कामाला तिन्ही पुरतात. कुठलंही एक घे आणि त्यातल्या तीनच गोष्टी शीक: लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समज), मास्क (लेयरचा भाग झाकणारा पडदा) आणि कर्व्ह (उजेड-अंधार कमी-जास्त करणारी रेषा). बाकीच्या शंभर बटणांकडं बघू नकोस. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, त्यात लेयर यायला १९९४ उजाडलं, म्हणजे पहिली चार वर्षं खुद्द त्याच्या गिऱ्हाइकांनाही लेयरशिवायच दिवस काढावे लागले. तू मात्र लेयर असूनही रबर वापरलंयस. तुझ्या फाइलीत बाबांचा डावा कान खोडला गेलाय आणि आता परत येत नाहीये. मास्कमध्ये खोडायचं नसतं, झाकायचं असतं. काळा ब्रश फिरवला की झाकलं, पांढरा फिरवला की परत उघडलं. कान कितीही वेळा हरवला तरी सापडतो.

पण बाबांपासून सुरुवात करू नकोस. आधी आई आणि दादाचे त्याच खिडकीशी वेगवेगळे काढलेले फोटो जोड. दोघांचा एकत्र खराखुरा फोटो तुझ्याकडं आहेच, तो शेजारी ठेव. पाठीमागं उत्तर छापलेलं गणित आहे हे. तुझा जोडलेला आणि खरा यात काय वेगळं दिसतं ते कागदावर लिहून काढ. पहिल्यांदा खांद्यामागची सावली राहिलेली असेल. दुसऱ्यांदा ती इतकी काळी होईल की दादाला कुणी मारल्यासारखं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमेल. तेव्हा बाबांची फाइल उघड.

ती उघडलीस की पहिला प्रयत्न काळ्या-पांढऱ्यात कर. रंगात त्वचेचा पिवळेपणा, पडद्याची झाक, कागदाचा जुनेपणा, सगळं एकदम जुळवावं लागतं. काळ्या-पांढऱ्यात फक्त उजेड-अंधार. कर्व्ह घेऊन बाबांच्या फोटोतला सगळ्यात काळा भाग बघ, केसांचा. जुन्या कागदावर तो काळा राहिलेला नाही, राखाडी झालाय. आईचे केस मोबाइलनं कुळकुळीत काळे दाखवलेत. दोघांना एका पातळीवर आण, आणि इथंही बाबांना कमी ओढ, आईला जास्त. त्यांचा फोटो ताणलास की कागदाचे दाणे वर येतात. उलट आईच्या फोटोवर बारीक दाणा चढव आणि किंचित मऊ कर. मोबाइलचा फोटो इतका लखलखीत असतो की शेजारचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा वाटतो. रंगीतच हवा असेल तर आईच्या हातात पांढरा रुमाल देऊन एक फोटो काढून ठेव. बाबांचा शर्ट आणि तो रुमाल, दोन पांढरे जुळले की त्वचा निम्मी जुळलेली असते.

डोक्याचा आकार ठरवताना डोळ्यांमधलं अंतर मोज, कपाळ ते हनुवटी मोज, दादाच्या फोटोशी ताडून बघ. आईच्या खांद्यामागची सावली वेगळ्या लेयरवर, मल्टिप्लायमध्ये (खालचं चित्र न झाकता काळपट करणारी लेयरची पद्धत), मऊ ब्रशनं, दहा-पंधरा टक्क्यांनी हळूहळू चढव. थकलीस की पूर्ण चित्र आडवं उलटं करून बघ. तपासण्यापुरतं! चुका ताबडतोब डोळ्यात भरतात. मग आठवणीनं सुलटं कर. लेयरसकट फाइल जपून ठेव, रोज नवीन नावानं.

दादाच्या एआयबद्दल. ओरखडे घालवायला, चादरीच्या चुण्या साफ करायला वापर, माझी ना नाही. चेहऱ्याला लावू नकोस. इतक्या लहान फोटोत जे दिसत नाही ते ती मशीन स्वतःच्या मनानं भरते. बाबांची डावी भुवई मध्येच तुटलेली आहे, जखमेची खूण असावी. मी बघितलेल्या प्रत्येक ॲपनं असली भुवई सरळ करून दिलीय. चेहरा सुंदर होतो. बाबा राहत नाहीत.

मामांना सांग, हा खोटेपणा फार जुना आहे. १८५७ मध्ये रेलँडर नावाच्या माणसानं तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं. पुढच्याच वर्षी रॉबिन्सननं पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलगी आणि तिच्याभोवती घरचे दाखवले, तेव्हाही लोक चिडले होतेच. आमच्या वेळी निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचो, त्याला कुणी खोटं म्हटलं नाही, उलट टचिंगचे पैसे वेगळे मिळायचे. तरी मामांचं मन मोडू नकोस. फोटोच्या मागं स्वच्छ अक्षरात लिही: जोडलेला फोटो, बाबांचा पासबुकावरून, आईचा अमुक साली घरात काढलेला. दादाच्या मुलांना उद्या कोडं पडायला नको.

एक गोष्ट मात्र तू मला विचारलीच नाहीस. बाबा चाळिशीत थांबलेत आणि आई पुढं चालत आली. आजच्या आईशेजारी ते तिच्या धाकट्या भावासारखे दिसतील. बाबांना म्हातारं करायचं नाही, आईच्या सुरकुत्या घालवायच्या नाहीत, इतपत मी सांगू शकतो. पण कुठली आई हवी, हे तिला विचार. तिचाही त्या वेळचा पासपोर्ट फोटो कुठंतरी असेल, रेशन कार्डाला, बँकेत, मामांकडं. दोघं एकाच दिवशी एकाच स्टुलावर बसून आले असतील तर उजेड आपोआप जुळेल आणि तुझं अर्धं काम वाचेल. कदाचित ती म्हणेल, नको, आत्ताचीच मी. कुंकू लावायचं की नाही, मंगळसूत्र दाखवायचं की नाही, साडी कुठली, हेही तिनंच ठरवायचं, आणि ते फोटो काढायच्या आधी. नंतर ब्रशनं नाही. त्या स्टुडिओनं गळा चुकीचा कापला ते मी समजू शकतो, पण कपाळाला हात लावायचा त्यांना काय अधिकार होता, ते मला अजून कळलेलं नाही.

छापताना फ्लेक्स नको, मॅट कागद घे. त्याआधी चार बाय सहाची एक प्रत काढ, कारण स्क्रीनवर दिसतं त्याहून छापलेलं जरा काळपट येतं. ती प्रत आईच्या हातात दे आणि काहीही बोलू नकोस. तिची नजर आधी कुठं जाते ते बघ. कॉलरवर गेली, तर परत खुर्चीत बस.